शेपटाकडून पाणी

आमच्या गावात धानाचं उत्पन्न वाढवायला जपानहून पद्धत आणावी लागली, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मालगुजारी म्हणजे इकडची जमीनदारी गेली, तलाव सरकारचा झाला, जिल्ह्याचं राज्यसुद्धा बदललं. त्यात एक पद्धत परदेशी आली तर काय बिघडलं? आम्ही चांदा जिल्ह्याचे लोक. जो येईल त्याच्यासाठी आधी चटई टाकतो, कोण म्हणून मग विचारतो.

पद्धत घेऊन आले ते विकास गटाचे साहेब. वय पंचविशीच्या आत, बूट नवे. त्यांनी शाळेत दोन दिवसांचं शिबिर भरवलं. विषय, धानाची ओळीत रोवणी. हजर, गावातले झाडून सगळे पुरुष. आता आमच्या झाडीपट्टीत रोवणा बायका करतात. पुरुष नांगर धरतात, चिखल करतात, पऱ्ह्यांच्या म्हणजे रोपांच्या पेंढ्या आणून टाकतात आणि मग धुऱ्यावर म्हणजे बांधावर बसून बिडी ओढत रोवणा कुठे चुकतो आहे ते सांगतात. शिबिरातल्या एकाही पुरुषाने आयुष्यात एक पऱ्हा चिखलात खोचलेला नव्हता. म्हणूनच बहुधा त्यांना सगळं चटकन समजलं.

शिबिरात मीही होते. स्वयंपाकाला. गावात लिहिता-वाचता येणारी बाई मी एकटीच. माझे वडील मालगुजाराचे दिवाणजी. त्यांनी मुलगा नाही म्हणून मला अक्षरं शिकवली आणि याद्या करायची खोड लावली. नवरा जंगल खात्यात, अहेरीच्या पलीकडे. पावसाळ्यात तिकडचे रस्ते बंद झाले की चार महिने पत्रसुद्धा नाही, तेव्हा शेती मीच बघायची. माझी पस्तिशी उलटली होती आणि माझ्याकडे प्रत्येक गोष्टीची यादी होती. शिबिराचीही होती : तांदूळ, तुरीची डाळ, अंबाडी, पत्रावळी, साहेबांना वेगळा कप. वरणाला फोडणी देता देता खिडकीतून मी अख्खी पद्धत ऐकली आणि त्याच कागदाच्या पाठीवर उतरवून घेतली. बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून तरंगेल ते फेकायचं. पऱ्हे कोवळे असतानाच उपटायचे. दोरी धरून ओळीत, वीतभर अंतरावर, एका जागी दोन-तीनच काड्या. शेणखत भरपूर. आणि वावरात चार बोटं पाणी सतत उभं. 'सतत' हा शब्द साहेबांनी फळ्यावर दोनदा अधोरेखित केला. जपानात पाणी कुठून येतं, हे कुणी विचारलं नाही.

नमुन्याच्या शेतीसाठी माझी एक बांधी निवडली गेली. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे घातलेलं धानाचं वावर. माझी ही बांधी तलावाच्या तोंडाजवळ आणि रस्त्याला लागून होती. जीपमधून न उतरता दिसायची. जमिनीचा कस वगैरे नंतर. तिथे पाटी लागली, साहेबांनी वीत-वीत अंतरावर लाल चिंध्या बांधलेली एक दोरी माझ्या हाती दिली आणि ते पुढच्या गावाला निघून गेले.

रोवण्याचा दिवस आला तशी बायकांची टोळी आली. टोळीची म्होरकी होती तिचं मी इथे नाव लिहीत नाही; म्होरकीच म्हणते. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी बांबूच्या कामावर गेला तो तिकडचाच झाला. घरात ती आणि आंधळी सासू. वावर म्हणाल तर पाटाच्या अगदी शेवटाला, ज्याला गावात शेपूट म्हणतात तिथे, दोन बांध्या भारी धान. भारी म्हणजे उशिरा येणारा, दाणा चांगला, पण शेवटपर्यंत पाणी मागणारा. त्या दोन बांध्यांत जे पिकेल ते दोघींचं वर्षाचं खाणं. दुसरं काही नाही.

म्होरकीने दोरी हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली.

"काऊन वो बाई, धानाले आता शाळेत घालून राह्यले का? लाइनीत उभा करता त्याले?"

"प्रार्थना बी घ्याची का?" दुसरी म्हणाली.

धुऱ्यावर शिबिरात शिकून आलेले चौघे बसले होते. त्यातला एक तिथूनच ओरडला, "अवो, ओळ वाकडी झाली ना ते!"

"दोन दिस शिकून आले ना भाऊ तुमी?" म्होरकी वाकल्या वाकल्याच म्हणाली. "या मंग चिखलात. आमी अडाणी. दाखवा आमाले."

भाऊ उतरले. तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत रुतले आणि दोघींनी हात धरून त्यांना धुऱ्यावर परत ठेवलं. त्यानंतर ओळी आपोआप सरळ येऊ लागल्या.

हे सगळं मजेचं झालं. पुढचं नाही.

पोळ्यानंतर पाऊस कमी झाला. उत्तरा नक्षत्र नुसते ढग दाखवून गेलं, हस्ताने तेवढीही तसदी घेतली नाही. धान पोटरीत यायला लागला होता, म्हणजे लोंबी काडीच्या पोटात होती, बाहेर यायची होती. या वेळी धानाला एकदा पाणी मिळालं नाही तर वरून हिरवा दिसतो आणि आत दाणा भरत नाही. आमच्याकडे तलाव आहे तो याच एका वेळेसाठी.

तलावाच्या पाळीला आतून दगडी पायऱ्या आहेत आणि पाणी किती ते पाणकर पायऱ्यांवरून सांगायचा. पाणकर म्हणजे तलावाचं तोंड उघडणारा आणि फावडं घेऊन पाटाने पाणी नेणारा माणूस. आमचा पाणकर ढिवर समाजातला, साठीच्या पुढचा. एरवी त्याच तलावात जाळं टाकायचा. बोलणं कमी. त्या वर्षी त्याने एवढंच सांगितलं, "पाच पायऱ्या आहे. एक डाव सगळ्यायले पुरते. दुसऱ्या डावाले नाई."

आणि फावडं उचलून तो शेपटाकडे चालू लागला. कारण गावची रीत तशीच होती. टंचाईच्या वर्षी पाणी शेपटाकडून द्यायचं. आधी शेवटच्या बांधीला, मग तिच्या अलीकडच्या, असं मागे मागे येत तोंडापर्यंत. मालगुजाराच्या काळापासून असंच होतं, आणि मालगुजाराच्या काळापासूनच आहे हाच त्या रीतीवरचा मोठा आरोप होता.

तलाव सरकारचा झाल्यापासून त्याची एक समिती होती. पाच पंच. त्यांतल्या तिघांच्या बांध्या तोंडाजवळ होत्या, हा निव्वळ योगायोग. समितीने सभा बोलावली. साहेबही आले होते, कारण नमुन्याच्या बांधीत चार बोटं पाणी उभं पाहिजे होतं आणि पंधरा दिवसांनी त्यांचे वरचे साहेब ती पाहायला येणार होते.

"शेपटाकडून काऊन?" एक पंच म्हणाले. "लोकशाही आली ना आता. मालगुजाराचा कायदा काऊन चालवाचा?"

"तोंडाकडून सुरू करा मंग," दुसरे म्हणाले. त्यांची बांधी तलावाला इतकी लागून होती की पाळीच्या पाझरानेच ती ओली असायची.

शेपटाकडचे लोक उठून उभे राहिले. ओरडाआरडा झाला. साहेब घड्याळ बघू लागले. आणि तेव्हा मी, कुणीही विचारलं नसताना, उठून म्हटलं, "चिठ्ठ्या टाका. ज्याची चिठ्ठी आधी, त्याला पाणी आधी. यादी मी करते."

उभे होते ते खाली बसले. चिठ्ठ्यांवर कोण भांडणार? साहेब म्हणाले, "उत्तम सूचना." मी खूष. मारुतीसमोर चिठ्ठ्या निघाल्या, एकेचाळीस. यादी मी ताव कागदावर केली. रकाने आखले : क्रमांक, नाव, बांध्या, किती तास. तास मोजायला माझं गजराचं घड्याळ. इतकी देखणी यादी मी तोवर केली नव्हती. ती शाळेच्या भिंतीवर खळीने चिकटवली आणि मागे सरकून जरा वेळ बघत उभी राहिले. माझा नंबर दुसरा आला होता. म्होरकीचा एकोणचाळिसावा.

पाणकर यादीसमोर येऊन उभा राहिला. त्याला वाचता येत नव्हतं, पण तो बराच वेळ बघत होता.

"भाऊ, यात कोणावर अन्याय नाई," मी म्हटलं.

"नाई ना," तो म्हणाला. "पन पानी का चिठ्ठी वाचते, बाई? पानी तं पाटानं जाते."

मला वाटलं म्हाताऱ्याला यादी समजली नाही. त्याला समजली होती, मला पाट समजला नव्हता.

पहिल्या दिवशी पहिला नंबर, उजव्या पाटावर मध्यावर. दुसऱ्या दिवशी माझा, तोंडाजवळ. माझी बांधी दोन तासांत भरली, चार बोटं पाणी उभं, लाल अक्षरांच्या पाटीचं प्रतिबिंब पडलं. त्याच दुपारी तिसरा नंबर, डाव्या पाटावर पार खाली. चौथा पुन्हा उजव्यावर. दर वेळी पाणी नव्या कोरड्या पाटात सोडायचं. हस्ताचं ऊन, पाट तडकलेला. पाणी सुटायचं आणि पाट ते प्यायचा. वावरापर्यंत पोचायचं तेव्हा त्याची धार करंगळीएवढी. मग भांडण : तास कधीपासून मोजायचे, तोंड उघडलं तेव्हापासून की पाणी वावरात शिरलं तेव्हापासून? यादीत त्याचा रकाना नव्हता. मी तोही आखला.

आठव्या दिवशी बारा जणांचं पाणी झालं होतं आणि तलावातल्या तीन पायऱ्या उघड्या पडल्या होत्या.

त्या दुपारी म्होरकी माझ्या अंगणात आली. बसली नाही. तिने पदराची गाठ सोडली. मला वाटलं काही मागायला आली. गाठीत धानाची एक काडी होती. तिने ती नखाने उभी चिरली आणि आतली लोंबी मला दाखवली. पांढरी, ओलसर, लहान बाळाच्या बोटासारखी.

"अजून जित्ती आहे," ती म्हणाली. "पाच-सहा दिस राहीन. माया नंबर कधी?"

मी मनात हिशेब केला. सव्विसावा दिवस तरी.

"येईल," मी म्हटलं.

"कधी बाई? तुमाले तं लिवता येते. लिवून द्या ना मले, का धान कवापर्यंत थांबन."

ती काडी माझ्या ओट्यावर ठेवून ती गेली. मी चिडले. तिच्यावर नाही, पण तेव्हा मला वाटलं तिच्यावरच. मी वही आणि घड्याळ घेतलं आणि तडक पाटावर गेले. वाटलं, मोजून दाखवू की यादीत काही चूक नाही. तेराव्या नंबराचं पाणी नुकतंच सोडलं होतं. मी पाण्याच्या तोंडाबरोबर चालत गेले. पाटात, धुऱ्यावरून, काट्यांतून. पाणी एखाद्या आळशी म्हशीसारखं पुढे सरकायचं, भेग दिसली की त्यात शिरून बसायचं. वावरात पोचायला दोन तास लागले. यादीत त्या वावराला तोंड उघडल्यापासून तीन तास होते. तिथून मागे वळून पाहिलं तर सगळा पाट ओला चिंब, आणि दुसऱ्या दिवशीचा नंबर होता दुसऱ्या पाटावर.

मी वहीत लिहिलं : पाट दोन तास, धान एक तास. मग जे आधी झाले होते त्या बाराही जणांचं आठवून मांडलं. सगळ्यांपेक्षा जास्त पाणी जो प्याला त्याच्या नावाची चिठ्ठीच निघाली नव्हती.

पाणकर फावड्यावर रेलून बघत होता.

"शेपटाकडून दिलं तं?" मी विचारलं.

"एक डाव पाट भिजते. मंग भिजलेल्या पाटानंच मागं मागं येते." तो थांबला. "अन् दुसरं. शेपटाले आधी देलं का तोंडवाले दिसभर पाटावर राखन करते, का लवकर होऊ दे, आमचा नंबर येऊ दे. तोंडाले आधी देलं तं पोट भरून घरी जाते. मंग पाट फुटो का राहो."

"हे त्या दिवशी सभेत काऊन नाई सांगितलं?"

"कोनी इचारलं?"

शिबिरात 'सतत' पाणी फळ्यावर दोनदा अधोरेखित झालं, पण पाण्याबद्दल पाणकराला कुणी विचारलंच नव्हतं. आणि मला दुसऱ्यांवर हसायचं काही कारण नव्हतं, कारण मीही त्याच्यासमोर नुसती यादी धरली होती.

"आता उरलेलं पुरेल?"

पाळीवर चढून त्याने पायऱ्यांकडे पाहिलं. "नाई. पाट भिजवाले पानी लागन. तलावातलं तिथंच गेलं तं धानाले उरत नाई." मग त्याने माझ्या नमुन्याच्या बांधीकडे पाहिलं. तिच्यात चार बोटं पाणी होतं, निळंशार. तिच्या शेजारच्या तोंडाजवळच्या बांध्यांतही होतं. तेवढं पाटात सोडलं तर पाट भिजणार होता आणि तलावातलं पाणी धानापर्यंत जाणार होतं.

वरचे साहेब सात दिवसांनी येणार होते.

संध्याकाळी मी समिती बोलावली आणि यादी चुकली असं सांगितलं. हे वाक्य मी आयुष्यात फारसं बोललेले नाही, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं.

"चिठ्ठ्या तं मारुतीनं काढल्या," पाझरवाले पंच म्हणाले.

"मारुतीनं नंबर काढले. कागद माझा होता."

"अन् साहेब?"

"साहेबाले चार बोटं दाखवाची तं चुलीवर पानी ठेवलं आहे घरी, ते दाखवीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः फावडं घेऊन माझा धुरा फोडला. धुरा फोडणं म्हणजे काय ते धान पिकवणाऱ्यालाच कळेल. आम्ही पोराला मारू, पण धुऱ्याला फावडं लावणार नाही. पाणी खळखळत पाटात गेलं. शेजारच्यांनी वाट पाहिली. मग एकाने फोडला, मग दुसऱ्याने. पाझरवाले पंच आपल्या धुऱ्यावर हात कमरेवर ठेवून उभे राहिले आणि त्यांनी मला जे जे म्हटलं ते मी कुठल्याच यादीत घेतलेलं नाही. त्यांचा धुरा शाबूत राहिला.

पाणकराने वर तलावाचं तोंड उघडलं. टोळीतल्या सगळ्या बायका पाटावर उभ्या होत्या, हाताने भेगा लिंपत, खेकड्यांची बिळं चिखलाने बुजवत. असलं काही शिबिरात नव्हतं. दुपार कलली तेव्हा पाणी शेपटाला पोचलं. म्होरकीने पहिल्या बांधीच्या धुऱ्यातला पाण्याचा तोंडवा उघडला आणि पाण्यात पाय ठेवून उभी राहिली. मी घड्याळ काढलं नाही.

तिची एक बांधी भरली. दुसरी अर्धी झाली आणि पाण्याचा जोर ओसरला. मागच्या लोकांचाही हिस्सा होता, पाणकराने तिथेच पाट वळवला. तिने हुज्जत घातली नाही.

वरचे साहेब आले. जीपमधून उतरले नाहीत, पण मान बाहेर काढली. "चार बोटं पाणी कुठे आहे?"

"शेपटाला गेलं."

त्यांनी काहीतरी लिहिलं. नंतर कळलं की अहवालात 'स्थानिक सहकार्याचा अभाव' असं होतं. त्या दिवशी शेपटाकडच्या जवळजवळ सगळ्या बांध्या ओल्या होत्या. सहकार्य खरंच कमी पडलं होतं, पण ते वेगळ्या दिशेला.

माझ्या नमुन्याच्या बांधीत धान बरा आला. खोटं कशाला सांगू, नेहमीपेक्षा थोडा जास्तच. मिठाच्या पाण्यातलं बियाणं आणि ओळीतली निंदणी या दोन गोष्टी खऱ्या होत्या. उभं पाणी नसूनही आला, हे मात्र साहेबांना सांगायची सोय नव्हती. म्होरकीची एक बांधी चांगली पिकली. दुसऱ्या बांधीत वरचा अर्धा पोचट निघाला, उफणताना वाऱ्यावर उडून गेला. मी खळ्यावर गेले होते. तिने सूप खाली ठेवलं.

"वाचली ते पाणकर भाऊनं वाचवली," ती म्हणाली. "गेली ते तुमच्या कागदानं खाल्ली."

मी माझ्या घरून धान पाठवला. तिने परत पाठवला. होळीनंतर ती आंधळ्या सासूला शेजाऱ्यांकडे ठेवून तीन महिने कामावर गेली, धान पुरला नाही म्हणून.

पुढच्या आषाढात टोळी गावाचा रोवणा करू लागली. माझे पऱ्हे तयार झाले, मग वाढले, मग पिवळे पडायला लागले. मी निरोप पाठवले. शेवटी स्वतः गेले. ती शेपटाजवळच्या एका बांधीत वाकली होती, हातात माझी लाल चिंध्यांची दोरी. ती तिने कधी मागून नेली होती हे मी विसरूनच गेले होते.

"आमची बांधी कधी?"

"शेपटाकडून येऊन राह्यलो, बाई. तुमची तोंडाजवळ. म्हंजे आखरीले."

"पऱ्हे वाळून जातील."

"मंग चिठ्ठ्या टाकू का?"

सगळ्या बायका हसल्या, चिखलात वाकल्या वाकल्या. आल्या त्या रोवण्याच्या एकोणिसाव्या दिवशी, आणि मान खाली घालून नीट रोवलं.

भाद्रपदात समितीने पाण्याची यादी पुन्हा माझ्याकडेच दिली. या वेळी मी आधी पाणकराच्या घरी जाऊन बसले आणि तो सांगेल तसं लिहीत गेले. भिंतीवर चिकटवली तेव्हा म्होरकी बघायला आली. सगळ्यांत वरच्या नावावर तिने बोट ठेवलं.

"हे मायं?"

"हो. पहिलं."

तिने यादी वरपासून खालपर्यंत न्याहाळली. "वर काऊन लिवलं? शेपूट तं खाली रायते."

मी कागद काढला, घरी नेला आणि खालून वर पुन्हा लिहिला. पाण्याची यादी मी अजून तशीच लिहिते.